जीपचे सांधे आणि आबांची बोटं

माझ्या जीपच्या पुढच्या चाकात काहीतरी बिघडलंय, हे मला पहिल्यांदा सांगितलं ते एका म्हाताऱ्या मेंढपाळानं.

मी जनावरांची डॉक्टर आहे. औंधच्या आजूबाजूच्या गावांमधून माझं काम चालतं. तो सगळा पूर्वेचा कोरडा पट्टा. ज्वारी-बाजरी, कुठंकुठं डाळिंबं आणि मेंढरं. मेंढवाडे बहुतेक डांबरी रस्त्यापासून आत, माळाच्या पल्याड कुठंतरी असतात. तिथं दुचाकी घसरते आणि साधी मोटार पोटावर बसते. म्हणून माझ्याकडे जुनी, चारी चाकं ओढणारी जीप आहे. ती खरं तर माझ्या वडिलांची. आबा फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपला होते. हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आले आणि कुणाच्या तरी शेडमध्ये गंजत पडलेली ही जीप त्यांनी दोन वर्षं खपून उभी केली. मला नोकरी लागली तेव्हा किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "हिला घिऊन जा. माळाला हीच टिकंल."

त्या दिवशी पावसाळा संपून माळ नुकता वाळायला लागला होता. म्हाताऱ्याच्या दोन मेंढ्या चारा सोडून बसल्या होत्या, म्हणून तो मला न्यायला रस्त्यापर्यंत आला होता. शेजारच्या सीटवर बसून, समोरची दांडी दोन्ही हातांनी धरून तो गाडीबरोबर डुलत होता. एका उतारावर वळण घेतलं तेव्हा म्हणाला,

"डाक्टरबाई, तुमची गाडी लंगडतीया."

"रस्ताच तसा आहे, मामा."

"रस्ता रोजचाच हाय की. ही डावा पाय टाकताना कचरतीया. बगा तुमी. चाक फिरवलं की आदी इचार करतीया, मग वळतीया."

मी हसले. पण परतताना एकटी होते तेव्हा लक्ष दिलं, आणि त्याचं म्हणणं खरं निघालं. स्टीअरिंग थोडं फिरवलं तर काहीच होत नव्हतं. आणखी थोडं फिरवलं की मग जीप एकदम वळायची. सरळ रस्त्यावरही ती हळूच एका बाजूला सरकायची आणि मी नकळत तिला परत ओढून आणत होते. हे किती दिवस चाललं होतं कुणास ठाऊक. रोजच्या गाडीच्या खोडी अंगवळणी पडतात, त्यातलंच हे.

आमचं गाव उंब्रजजवळ आहे, नदीकाठचं, उसाचं. मी महिन्यातून दोनदा रविवारी घरी जाते. जीप अंगणात लावली की आबा आधी तिच्याकडे जातात, मग माझ्याकडे. तेल बघणार, हवा बघणार, बॉनेट उघडून कान देणार. त्या रविवारी मी त्यांना म्हटलं, "आबा, स्टीअरिंग सैल वाटतंय. सांधे बघाल का?"

हे सांधे म्हणजे काय, ते मला लहानपणीच आबांनी दाखवलं होतं, आणि पुढं कॉलेजात जनावराचं हाड हातात घेतलं तेव्हा ते नव्यानं कळलं. स्टीअरिंगचं फिरणं लांब लोखंडी दांड्यांमधून चाकांपर्यंत पोचतं. दांडी जिथं चाकाच्या बाजूला जोडलेली असते, तिथं वाटीत बसवलेला एक पोलादी गोळा असतो. अगदी खुब्याच्या हाडासारखा. त्यामुळं चाक खालीवर झालं तरी दांडी मोडत नाही, हवी तशी वळते. दांड्यांच्या टोकांना मिळून असे चार सांधे. वर रबरी टोपण, आत ग्रीस. टोपण फाटलं की माती आत जाते, गोळा झिजतो, वाटी झिजते आणि दोघांत फट पडते. मिस्त्री लोक त्याला 'प्ले आला' म्हणतात. फट फार वाढली तर एखाद्या खड्ड्यात गोळा वाटीतून निसटू शकतो. मग स्टीअरिंग तुमच्या हातात असतं, पण चाकाचा त्याच्याशी संबंध उरत नाही.

तपासायची रीत साधी आहे. गाडी जमिनीवर उभी, इंजिन बंद. एकानं स्टीअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडं हलवायचं आणि दुसऱ्यानं खाली आडवं होऊन सांध्यावर तळहात ठेवायचा. सांधा चांगला असेल तर सगळं एकसंध हलतं. झिजलेला असेल तर हाताला बारीकशी टक लागते.

आबांनी अंगणात पोतं अंथरलं आणि जीपखाली सरकले. त्यांची सत्तरी उलटली आहे, पण अंग अजून हलकं आहे. मी वर बसून स्टीअरिंग हलवत राहिले.

"हलीव. आनी हलीव. थांब."

चारही सांधे त्यांनी पाहिले. प्रत्येकावर बराच वेळ हात धरला, नेहमीपेक्षा जास्त. तेव्हा मला वाटलं, किती मन लावून बघतायत. मग बाहेर आले, गुडघे झाडले आणि म्हणाले, "टाइट हाय. काय न्हाई झालेलं. टायर झिजल्यात, म्हणून तसं वाटतंय."

आबांनी टाइट म्हटलं की टाइट. आमच्या घरात यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. गावातही विचारत नाहीत. फौजेतून आले म्हणून लोक त्यांना मेजर म्हणतात आणि ट्रॅक्टर विकत घ्यायच्या आधी त्यांना दाखवायला नेतात. मी पुढचे दोन टायर बदलले. फरक पडला नाही, पण मी स्वतःला समजावलं की थोडा पडलाय.

डिसेंबरात सांगलीला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, मेंढ्यांच्या रोगांवर. सकाळी लवकर निघून विटा, तासगाव करत मी चालले होते. ऊसतोडीचे दिवस. तासगाव सोडल्यावर पुढून एक ट्रॅक्टर आला, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं गाणी. मागची ट्रॉली रस्त्याच्या मध्यापर्यंत झुलत होती. मी जीप डावीकडं घेतली, म्हणजे स्टीअरिंग डावीकडं फिरवलं. जीप सरळच गेली. आणखी फिरवलं तेव्हा खालून काहीतरी दणकन वाजलं आणि जीप एकदम इतकी वळली की रस्ता सोडून बाभळीच्या झुडपात शिरली. ट्रॉलीतून बाहेर आलेले उसाचे शेंडे माझ्या बाजूच्या आरशाला खरडून गेले. ट्रॅक्टरवाल्याला काही कळलं नसावं. गाणी तशीच लांब जात राहिली.

मला काही लागलं नव्हतं. मी इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: टाइट हाय, काय न्हाई झालेलं.

तिथून सांगलीच्या अलीकडच्या माधवनगरपर्यंत मी बैलगाडीच्या वेगानं आले. कडेला एक गॅरेज दिसलं. जुन्या कापड गिरणीच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड, आत दोन जीपगाड्या उघडून ठेवलेल्या, म्हणजे मिस्त्रीला अशा गाड्यांची सवय असणार. मिस्त्री पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांचे वडील गिरणीत फिटर होते, हे त्यांनी पुढं सांगितलं. तेव्हा त्यांनी फक्त माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि स्टूल पुढं केलं.

"बसा ताई. पानी घ्या. गाडी पळून जात न्हाई."

मग त्यांनी मला जीपमध्ये बसवून स्टीअरिंग हलवायला लावलं आणि स्वतः खाली गेले. मी दोनदा हलवलं असेल नसेल, खालून आवाज आला, "बास."

बाहेर येऊन ते म्हणाले, "तुमी या खाली. मी हलवतो. सोताच्या हातानं बगा."

मी सिमेंटवर पाठ टेकून जीपखाली सरकले. डावीकडच्या सांध्यावर तळहात ठेवला. वर मिस्त्रींनी स्टीअरिंग हलवलं आणि माझ्या हातात टक झाली. बारीकशी वगैरे नाही. वासराच्या निखळलेल्या गुडघ्यावर हात ठेवल्यावर हाड जसं स्पष्ट सरकतं, तशी. रबरी टोपण फाटून मागं गेलं होतं आणि आत ग्रीसऐवजी वाळलेली लाल माती होती. दुसऱ्या टोकालाही टक होती. चारांतले तीन सांधे गेले होते.

"हे किती दिवसांचं असेल?"

"पावसाळ्याच्या आदीपासनं असणार. ह्यात एवढी माती एका महिन्यात जात न्हाई." मग हात पुसत म्हणाले, "मागं कुनी बघितलं न्हवतं का?"

मी म्हटलं, "दिवाळीच्या आधी बघितलं होतं."

"कुनी?"

मला उत्तर देववेना. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "ताई, ही गाडी आज मी तुमाला दिनार न्हाई. राग मानू नका."

रिक्षानं प्रशिक्षणाला गेले. दिवसभर पडद्यावर मेंढ्यांची फुप्फुसं दाखवत होते आणि मला आबांचे हात दिसत होते. एकेक गोष्ट आठवत होती आणि प्रत्येक गोष्टीला मी त्या त्या वेळी काहीतरी कारण देऊन टाकलं होतं. गणपतीत घरी गेले होते तेव्हा आबांनी उकळत्या चहाची किटली कानाला न धरता पोटाला धरून उचलली होती. मी म्हटलं होतं, फौजी हात. शर्टाची बटणं आई लावून देत होती. मी म्हटलं होतं, म्हातारपणीचं प्रेम. त्यांच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर भाजल्याचा पांढरा डाग होता आणि तो कशाचा, हे त्यांना सांगता आलं नव्हतं. बोटांना मुंग्या येतात असं ते कधीमधी म्हणायचे, आणि लगेच स्वतःच सांगायचे, "फौजेत हुतो तवाच्या बर्फातलं हाय ते. जुनं." जनावर एका पायावर भार कमी देतंय हे मी लांबून ओळखते. त्यावर माझं पोट चालतं. आणि घरातला माणूस बटण लावू शकत नाही, यात मला काही दिसलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांना फोन केला. सुरुवातीला नुसतं सांगितलं की जीप सांगलीत अडकली आहे. ट्रॉलीचं सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्यांनी विचारलं, "काय झालं सांग," आणि मी सगळं सांगून टाकलं. सांध्यांचं सोडून. ते म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं येतो."

दुसऱ्या दिवशी कराडला एसटी बदलून ते दहाच्या सुमारास माधवनगरला उतरले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, हातात स्वतःच्या पान्यांची कॅनव्हासची पिशवी. मी प्रशिक्षणातून सुट्टी घेतली होती. गॅरेजमध्ये शिरल्यावर त्यांनी मिस्त्रींना रामराम केला आणि जीपभोवती एक फेरी मारली. आरशाच्या ओरखड्यावर बोट फिरवलं.

"काय गेलंय म्हनताय तुमी?"

मिस्त्री म्हणाले, "डावीकडचा सांधा, काका. तुमी वर बसा, स्टीअरिंग हलवा. मी दावतो."

ते सहज बोलले, पण मला कळलं की आदल्या दिवशीच्या माझ्या गप्प बसण्यातून, सांधे तपासणारे आबाच होते हे त्यांना उमगलं होतं, आणि ते आबांना वाट काढून देत होते. आबांनाही ते कळलं असावं.

"न्हाई. मी खाली जातो. पोरगी हलवंल."

मी वर बसले. आबा खाली गेले. त्यांचे बूट तेवढे मला दारातून दिसत होते. मी हलवलं. टक माझ्या हातातल्या स्टीअरिंगलाही लागत होती, आता माहीत झाल्यावर. खालून काही आवाज आला नाही.

"हलीव."

हलवलं.

"जरा जोरात हलीव."

जोरात हलवलं. मिस्त्री माझ्याकडं न बघता पान्याचा डबा आवरायला लागले. बुटांची टोकं स्थिर होती. मग आबांचा हात बाहेर आला, तळवा वर.

"मिस्त्री, लांब स्क्रू ड्रायव्हर हाय का?"

मिस्त्रींनी दिला. आबांनी त्याचं टोक सांध्यावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली असणार. इंजिनातला आवाज शोधायला जुने मिस्त्री असं करतात. लोखंडातून आवाज थेट हाडात येतो. मी पुन्हा हलवलं, हळू. एकदा. दोनदा.

"वाजतंय," आबा म्हणाले.

ते बाहेर आले, पण उठले नाहीत. जमिनीवरच मांडी घालून बसले, जीपच्या चाकाला टेकून. हात समोर धरून बोटांकडं बघत होते. मी खाली उतरून त्यांच्याजवळ बसले.

"तवाबी मला काय लागलं न्हवतं," ते म्हणाले. "काय म्हंजे कायच. सांध्यावर हात ठेवलाय का न्हाई, ते बी डोळ्यानं बघून कळत हुतं. म्या म्हनलं, लागत न्हाई म्हंजे टाइट असंल."

"आबा, तुम्हाला कधीपासून असं होतंय?"

"वरीस झालं. जास्तच."

"मग मला का नाही सांगितलं? मीच बघितलं असतं की सांधे."

मिस्त्री शेडच्या मागं निघून गेले होते, चहा सांगायला म्हणून.

"फौजेत मी गाडीच्या कागदावर सही करायचो," आबा म्हणाले. "ही गाडी चालाय लायक हाय म्हनून. वर घाटात जायच्या गाड्या. आत पोरं बसनार. हात लावल्याबिगर कवा सही केली न्हाई. साहेब घाई करायचं, तरी न्हाई." त्यांचा आवाज खाली आला. "आन् तुला टाइट हाय म्हनून धाडली."

मला वाटलं होतं ते रागावतील, मिस्त्रीला खोटं पाडतील, नाहीतर बर्फाचं नाव काढतील. यातलं काही झालं नाही. तुमची काही चूक नाही असं म्हणणं खोटं झालं असतं. चूक होती. थोडी त्यांची, थोडी माझी. मला सैल लागत होतं आणि तरी मी टायर बदलून गप्प बसले, कारण त्यांच्या शब्दावर शंका घेण्यापेक्षा ते सोपं होतं. तसं मी त्यांना सांगितलं.

"व्हय," ते म्हणाले. "तूबी इचाराय पायजे हुतंस." आणि मग पाठ सोडवून उठले. "चल. आता ह्ये काडायचं. कापडं खराब हुतील तुजी."

सांधे मी बदलले. मिस्त्री शेजारी, आबा डोक्याशी स्टूल टाकून. आधी नटातली आडवी खीळ सरळ करून काढली, मग नट सैल केला, पण पुरता नाही. दोन आटे ठेवले, नाहीतर सांधा सुटताना दांडी अंगावर येते. सांध्याचा दांडा निमुळता असतो आणि वर्षानुवर्षं दाबून बसलेला. तो ओढून निघत नाही. ज्या कडीत तो बसलेला असतो, तिच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी हातोडे मारावे लागतात. एका बाजूला मिस्त्री, एका बाजूला मी. माझा हातोडा पहिल्यांदा उशिरा पडत होता. आबांनी आमचा ताल धरून दिला, कवायतीच्या आवाजात, "एक, दो. एक, दो." सहाव्या-सातव्या घावाला सांधा ठप्पकन खाली आला आणि मिस्त्री हसले.

जुनं टोक दांडीतून पिळून काढायचं असतं तेव्हा किती फेरे होतात ते मोजावं लागतं. नवं टोक तितकेच फेरे आत घातलं तर चाकं साधारण पहिल्यासारखी सरळ राहतात. ते मोजायचं काम आबांनी घेतलं. डोळे बारीक करून, ओठ हलवत. मी मध्येच काहीतरी विचारलं तर हात वर करून मला थांबवत होते. डावीकडचं साडेअठरा. उजवीकडचं सतरा, आणि हे आटे उलटे, म्हणजे उलट्या बाजूला फिरवायचे. मी दोनदा चुकले. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या हाताकडं नुसतं बघून ओळखलं.

जो एक सांधा अजून शाबूत होता, तोही बदलायचा का, असं मी विचारलं. मिस्त्री म्हणाले, चालेल की अजून. आबा म्हणाले, "न्हाई. बाकीच्यांच्या वयाचाच हाय तो." मग चारही बदलले. ग्रीस भरलं, नव्या खिळी घातल्या, त्यांची टोकं दुमडली. प्रत्येक खीळ आबांनी चष्मा लावून, बॅटरीच्या उजेडात पाहिली. हात लावला नाही.

शेवटी तपासायची वेळ आली. ते स्टीअरिंगवर बसले आणि मी खाली गेले. हात ठेवला. दांडी, सांधा, चाक, सगळं एका दमात हललं.

"टाइट आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, आबा."

"दुसरा बग."

चारही बघून मी बाहेर आले तेव्हा मिस्त्री पुन्हा एकदा खाली गेले आणि त्यांनीही चारही पाहिले. आबांनी मान हलवली. त्यांना ते आवडलं होतं.

चाकं मशीनवर सरळ करून घेऊन आम्ही दुपारी निघालो. जीप मी चालवत होते. हात किंचित हलवला तरी ती ऐकत होती आणि मला त्याची सवयच उरली नव्हती, म्हणून पहिले काही मैल मी तिला उगाच डावी-उजवीकडं नेत राहिले. आबा शेजारी बसून रस्ता बघत होते. कराडच्या अलीकडं ते म्हणाले, "पायालाबी तसंच हाय."

"काय?"

"बधिर. चप्पल निसटून पडली तरी कळत न्हाई."

घरी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आई दारात उभी होती. तिला मी बाजूला घेऊन सांगायला लागले, की आबांच्या हातापायाला... तिनं मला मध्येच थांबवलं.

"मला म्हाईत हाय गं. आंगुळीचं पानी मी बगून देते त्येंस्नी. गेल्या शिमग्यापासनं. एकदा लय कडत पानी घेतलं, पाय लाल झालं, तरी त्येंला पत्ता न्हाई."

"आई, मग मला फोन करायचा ना."

"त्येनी सांगू नगो म्हनलं." ती चुलीकडं वळली. "आन् तू सारखी गडबडीत असतीस."

त्यात तक्रार नव्हती. तसं होतं, म्हणून तिनं सांगितलं. मी तिथंच उंबऱ्यावर बसले. एवढे महिने ती रोज त्यांच्या पाण्यात हात घालून बघत होती आणि ते रोज तिच्याकडून बटणं लावून घेत होते, आणि दोघांनी मिळून हे माझ्यापासून, गावापासून आणि बहुधा एकमेकांपासूनही जपून ठेवलं होतं.

त्या आठवड्यात मी त्यांना कराडला माणसांच्या डॉक्टरांकडं नेलं. साखर खूप वाढलेली होती आणि ती बऱ्याच वर्षांपासून वाढत असणार. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगून तळपायाला जागोजागी बारीक तारेचं टोक टेकवलं. "लागलं की हो म्हणा." आबा डोळे मिटून ताठ बसले होते, हुकमाची वाट बघावी तसे. डॉक्टर टोक टेकवत गेले. घोट्याच्या वर आल्यावर पहिल्यांदा ते म्हणाले, "हो."

जे गेलं ते परत येईलच असं नाही, पुढचं मात्र थांबवता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषधं लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "गाडी चालवता का?"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आबा रोज मोटरसायकलवरून शेतात जायचे. गेली पन्नास वर्षं त्यांच्या हाताखाली कुठलं ना कुठलं वाहन होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग डॉक्टरांकडं.

"चालवत हुतो," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी मोटरसायकल पुसली, पेट्रोलची तोटी बंद केली आणि ती गोठ्याच्या आत नेऊन लावली. कुणी काही सुचवलं नव्हतं. त्या दिवशी ते जेवले कमी.

आता ते शेतात चालत जातात. उघड्या पायानं किंवा चपलेवर जायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे, कारण काटा मोडला तरी कळणार नाही. म्हणून उसाच्या पाटात उतरतानाही ते जाड बूट घालून, नाडी बांधून निघतात. नाडी आई बांधते. परत आल्यावर ती मोबाईलच्या उजेडात त्यांचे तळवे बघते आणि ते पेपर वाचत असल्याचा आव आणतात. मागच्या महिन्यात तिला बाभळीचा काटा सापडला, आरपार बुटातून गेलेला.

गेल्या रविवारी मी घरी होते. आबा बूट घालून निघाले तेव्हा पारावर बसलेला त्यांच्याच वयाचा एक शेतकरी ओरडला, "काय मेजर, पुन्यांदा भरती झालाय काय? बूट घालून पान्यात कोन जातंय गड्या?"

मला वाटलं, आबा हसून पुढं जातील. ते थांबले. पारापाशी गेले आणि म्हणाले, "पाय बधिर झाल्यात माजं. हातबी. साखर हाय. काय लागत न्हाई, म्हनून घालतो."

तो शेतकरी त्यांच्या बुटांकडं बघत राहिला. मग त्यानं स्वतःच्या पायातली चप्पल काढली, तळवा वर करून हातानं चोळला आणि हळूच विचारलं, "मेजर, मुंग्या येत्यात का आदी? रातच्याला?"

"येत्यात," आबा म्हणाले, आणि त्याच्या शेजारी पारावर बसले. "कवापासनं येत्यात तुला?"